पलीकडची खुर्ची

सर फळ्यावर नकाशा काढायला लागले की पहिल्या वर्षाची मुलं एकमेकांकडे बघायची. डावीकडे पाकिस्तान, वर नेपाळ, थोडं सोडून भूतान, उजवीकडे बांगलादेश, त्याच्या पलीकडे ब्रह्मदेश आणि खाली श्रीलंकेचा थेंब. सगळं झरझर, पुस्तकात न बघता. मग खडू ठेवून ते हात झटकायचे. मधली सगळी जागा मोकळीच असायची.

मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी विचारायचं, "सर, आपला भारत काढायचा राहिला."

"राहिला कुठं? हा काय." त्या मोकळ्या जागेवरून ते तळहात फिरवायचे. "ते आहेत म्हणून तर दिसतोय."

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेची कच्ची पानं नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे आली. त्यात सरांचा फोटो आहे, आणि फोटोखाली त्यांचं म्हणून एक वाक्य छापलं आहे. ते वाक्य भिवंडीत अजून पुष्कळांच्या तोंडी आहे. काही जण ते अभिमानानं म्हणतात, काही जण दातओठ खात. मला त्या वाक्याबद्दल सांगायचं आहे. पण आधी माणूस सांगतो, कारण वाक्य राहिलं आणि माणूस पुसला गेला असं त्यांच्या बाबतीत झालं आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, ते राज्यशास्त्र. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटून. शेजारी देशांचे आपसातले संबंध हा त्यांचा अभ्यासाचा विषय, त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव 'शेजारीसर' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मस्टरवर सही करताना चुकून तेच लिहिणार होतो, असं त्यांनीच मला हसत सांगितलं.

त्यांची अभ्यासाची रीत विलक्षण होती. दोन देशांचे मंत्री भेटले की दोन्हीकडची सरकारं आपापलं निवेदन काढतात. सर ती दोन्ही मिळवायचे, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे आणि एकात असलेलं कोणतं वाक्य दुसऱ्यानं गाळलं आहे, ते शोधत बसायचे. "भेटीत काय ठरलं ते सगळेच वाचतात," ते म्हणायचे. "मी फक्त गाळलेलं वाचतो. संबंध तिथं राहायला असतात." यावर त्यांचे लेख दिल्लीच्या इंग्रजी नियतकालिकांत छापून यायचे. एका परिसंवादात एका निवृत्त राजदूतानं त्यांना विचारलं, हे भिवंडी नक्की कुठं आलं? सर म्हणाले, "तुमच्या झब्ब्याचं कापड जिथं विणलं गेलं, तिथं." दिल्लीला या, असं आमंत्रणही त्यांना दोनदा आलं होतं. गेले नाहीत. "दिल्लीतून शेजारी दिसत नाहीत हो. शेजाऱ्यांची विमानं दिसतात फक्त."

'मोठा भाऊ, धाकटा भाऊ' असं देशांबद्दल कोणी बोललं की ते चिडायचे. "भाऊ वाटण्या करून लांब राहायला जाऊ शकतो. शेजाऱ्याला ती सोय नाही."

त्यांच्याकडे एक जुना ट्रान्झिस्टर होता. त्यावर ते ढाका, काठमांडू, कोलंबो लावायचे. बातम्या संपल्या की आपण बंद करतो, यांचं ऐकणं तिथून सुरू व्हायचं. त्यांना हवामान ऐकायचं असे. सिल्हटला पाऊस किती, त्रिंकोमालीला वारा कसा, सगळं तोंडपाठ. आणि स्वतः मात्र निजामपुऱ्यातल्या खोलीवरून चिंब भिजून कॉलेजात यायचे. एकदा मी म्हटलं, "सर, छत्री?" तर केस पुसत म्हणाले, "अहो, काठमांडूला आज कोरडं आहे म्हणाले होते."

निजामपुऱ्यात एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडवर त्यांची खोली होती. खाली शेड, वर सर. शेडचे मालक म्हणजे सगळ्यांचे चाचा. त्यांचं घराणं खाडीकाठचं, पिढ्यान् पिढ्या भिवंडीतलं. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात नांदवणारा माणूस. लूम सुरू झाले की सरांचं टेबल थरथरायचं आणि त्यावरचा पाण्याचा तांब्या हळूहळू कडेकडे सरकायचा. वर्षभर सहन करून शेवटी सर खाली गेले आणि चाचांना म्हणाले, "मी तुमच्याकडे औपचारिक निषेध नोंदवायला आलो आहे."

चाचा म्हणाले, "पहिले चाय पियो. निषेध ठंडा नहीं होता."

पुढच्याच आठवड्यात चाचांनी लूमच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे बसवले. थरथर गेली. आठ-दहा दिवसांनी सर पुन्हा खाली. झोप येत नाही, म्हणाले. चाचांनी कपाळावर हात मारला. "सर, तुमचा प्रॉब्लेम तरी काय हाय? आवाज पायजे का नको पायजे? बांगलादेशच्या मनातला तुम्हाला कळतो, स्वतःच्या मनातला कळत नाय?" रबर तसंच राहिलं, सर कोपऱ्यातलं टेबल सोडून जमिनीवर बसून लिहायला लागले, कारण म्हणे फरशीतून थरथर अजून थोडी थोडी येते.

शुक्रवारी लूम बंद असत. सगळी भिवंडी ज्या खटाखटावर ओरडून बोलायची, तो त्या दिवशी एकदम थांबायचा. नव्या माणसाला कानात दडे बसल्यासारखं वाटे. हळू बोलूनही ऐकू जाईल असा तो एकच दिवस, म्हणून सरांनी आपली बैठक शुक्रवारी ठेवली होती. जुम्म्याची नमाज आटोपून निजामपुऱ्यातली मुलं यायची, दिघाशी-पूर्ण्याकडच्या आगरी गावांतली मुलं शेवटच्या तासानंतर यायची. त्या छोट्या खोलीत दाटीवाटीनं सतरंजीवर बसायची.

त्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या असत. एक लाकडी, आपली. दुसरी लोखंडी घडीची, एक पाय किंचित आखूड. ती पलीकडची. त्या दिवशी जो देश चर्चेला असेल, त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यानं त्या लोखंडी खुर्चीत बसायचं. नियम कडक. त्या खुर्चीत 'ते' म्हणायचं नाही, 'आम्ही' म्हणायचं. कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिथं कोण बसलं होतं हे खोलीबाहेर कधी सांगायचं नाही. बोललेलं खुर्चीचं, बसणाऱ्याचं नाही. आणि शेवटचा नियम म्हणजे बोलून झालं की उठण्याआधी पेलाभर पाणी प्यायचं. सर स्वतः पेला पुढं करायचे आणि म्हणायचे, "पाणी प्या. घरी या."

मुलांना ते आधी हसू यायचं. पण मी ऐकलं होतं की ज्या मुलाला तावातावानं बोलायची सवय, तोही पाणी पिताना खाली मान घालून बसायचा आणि मग उठताना आपला चेहरा घेऊन उठायचा.

सर मुद्दाम उलटी माणसं बसवायचे. निजामपुऱ्यातल्या मुलाला भारताची लाकडी खुर्ची, दिघाशीच्या मुलाला पलीकडची. दिघाशीचा एक आगरी मुलगा होता, रांगडा, कधी पुस्तक न उघडणारा. त्याला पहिल्यांदा श्रीलंकेच्या बाजूनं बसवलं. मच्छीमारांच्या प्रश्नावर बोलायचं होतं. तो एकदम पुढं सरकून म्हणाला, "आमचा पयला म्हनना असा हाय का, तुमी दर वर्षी आमच्या राजाला जालता. मोठमोठा पुतला करून जालता, पोरांना खांद्यावं बसवून दाखवता. न वर आमाला सांगता, संबंध सुधरा!"

खोलीत हशा पिकला. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. हसून झाल्यावर मात्र म्हणाले, "थांबा. याला उत्तर द्या." लाकडी खुर्चीतला मुलगा वहीची पानं उलटायला लागला. "बघा," सर म्हणाले, "आपल्याला सण वाटतो, तो खिडकीतून कसा दिसत असेल हे आपण कधी विचारलंच नव्हतं. मच्छीमार पुढच्या शुक्रवारी."

हे सगळं मला मुलांकडूनच कळायचं, कारण मी त्या बैठकीला जात नसे. मला तो पोरखेळ वाटायचा. तसं मी सरांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, "खेळच आहे. फक्त पोरांचा नाही."

एवढा शेजाऱ्यांचा अभ्यास करून सर स्वतः कधी एकाही शेजारी देशात गेले नव्हते. स्टाफरूममध्ये यावरून त्यांची थट्टा व्हायची. "शेजारीसर, आधी उंबरा तरी ओलांडा." ते हसण्यावारी न्यायचे. पण निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असताना ढाक्याहून पत्र आलं. नद्यांच्या पाणीवाटपावर तिथं परिसंवाद होता आणि त्यांना निबंध वाचायला बोलावलं होतं. येण्याजाण्याचा खर्च ढाक्याचे लोक करणार होते. आपल्याकडून लागायची ती फक्त संस्थेची एनओसी, ना-हरकतीचा कागद.

तो माणूस त्या दिवसांत लहान मुलासारखा झाला होता. नवे बूट घेतले आणि ते मऊ व्हावेत म्हणून घालून वर्गात यायला लागले, लंगडत. चाचांनी आपल्या शेडवर विणलेल्या पांढऱ्या कापडाचा एक तागा कागदात बांधून दिला. "शेजाऱ्याकडे खाली हात जायचा नाय. उनको बोलना, भिवंडी का है." सर मला म्हणाले, "तीस वर्षं मी त्यांचं हवामान ऐकतोय. एकदा अंगावर घेऊन बघतो."

त्याच सुमारास लूमच्या गल्ल्यांत बंगाली बोलणाऱ्या कामगारांचे कागद तपासणं चाललं होतं. चहाच्या टपरीवर बसलं की चारही बाजूंनी 'बांगलादेशी' हा शब्द ऐकू यायचा, आणि तो चांगल्या अर्थानं येत नसे. नेमक्या त्याच आठवड्यात सरांनी शुक्रवारसाठी विषय ठेवला होता, बांगलादेश आणि नद्यांचं पाणी. ढाक्याला वाचायच्या निबंधाची त्यांना स्वतःलाच तालीम हवी होती.

मी त्या दिवशी त्यांचं एक पुस्तक परत द्यायला गेलो. खोली भरलेली, पण लोखंडी खुर्ची रिकामी. निजामपुऱ्यातली मुलं सतरंजीकडे बघत होती. त्या आठवड्यात त्या खुर्चीत बसण्याचा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळत होता. दिघाशीचा तो मुलगाही म्हणाला, "आज नको सर. बाहेर वातावरन बरा न्हाय." सर म्हणाले, "ठीक आहे. रिकामी राहू दे. आज आपण रिकाम्या खुर्चीचं ऐकू."

मी दारातच होतो. मला काय झालं कोण जाणे. मला वाटतं, एवढ्या मुलांसमोर आपल्याला बोलता येतं हे दाखवायची हौस होती. वर्गात माझ्या वक्तृत्वाचं नाव होतं. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्या खुर्चीत जाऊन बसलो.

आधी मी नद्यांबद्दल बोललो. मग धरणांबद्दल. मग मला सूर सापडला आणि मी नद्या सोडून दिल्या. "तुम्ही आम्हाला स्वतंत्र व्हायला मदत केलीत," मी म्हणालो, "आणि तेव्हापासून ती मदत तुम्ही दर वर्षी आमच्यापुढं मांडून ठेवता. आम्ही तुमच्यापुढं कायम वाकून राहावं अशी तुमची अपेक्षा आहे. लक्षात ठेवा, उपकार करणारा शेजारी शत्रूपेक्षा जड असतो."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. नियम मोडून वाजवल्या. मी उठलो. सर पेला घेऊन पुढं येत होते, पण माझ्या कानांत टाळ्या होत्या. मी हसत हसत त्यांच्या बाजूनं निघून जिन्यावर आलो.

ते माझ्यामागं आले. "वाक्य फार सुंदर होतं," ते म्हणाले.

"धन्यवाद."

"पण खोटं होतं. तुम्ही त्यांचं नाही बोललात. ती खुर्ची त्यांचं ऐकायला आहे, तुम्ही तिथं बसून आपलाच राग बोललात." आणि मग अगदी हळू, शुक्रवार होता म्हणूनच मला ऐकू आलं, "तुमच्यावर कोणाचे उपकार आहेत हो?"

मला संताप आला, कारण ते खरं होतं. माझे वडील अचानक गेले तेव्हा आमच्या संस्थेच्या सचिवांनी मला नोकरीत घेतलं होतं. बहिणीच्या लग्नात ते घरच्यासारखे उभे राहिले होते. नंतरच्या प्रत्येक दिवाळीला मी त्यांच्या पाया पडायला जायचो, आणि प्रत्येक दिवाळीला ते समोर बसलेल्या पाहुण्यांना माझी तीच गोष्ट सांगायचे. मी जिना उतरून निघून गेलो.

वाक्य बाहेर गेलं. कोणी नेलं ते मला माहीत नाही. चांगल्या वाक्याला न्यावं लागत नाही. एका स्थानिक साप्ताहिकानं ते चौकटीत छापलं. एकाहत्तरच्या युद्धातल्या हुतात्म्यांचा अपमान, कॉलेजातल्या प्राध्यापकाची शेजारी देशासाठी वकिली, असं बरंच. बैठक सरांची, खोली सरांची, म्हणून वाक्यही सरांचं. निनावी फोन येऊ लागले. संस्थेनं सरांना बोलावलं.

संस्थेच्या कार्यालयात सचिव होते, प्राचार्य होते आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी होतो. प्राचार्य वर्षअखेर निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी माझं नाव सचिवांनी धरलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांपुढं पाण्याचा पेला ठेवलेला होता.

सचिव म्हणाले, "सर, एवढंच सांगा, हे वाक्य तुमच्या बैठकीत म्हटलं गेलं की नाही?"

"म्हटलं गेलं."

"कोणी म्हटलं?"

"पलीकडच्या खुर्चीनं."

"ही थट्टेची जागा नाही, सर."

"मी थट्टा करत नाही. तिथं बसणाऱ्याला नाव नसतं. आज मी नाव सांगितलं तर उद्या त्या खुर्चीत कोणी बसणार नाही."

"तुम्हाला स्वतःला ते मान्य आहे का?"

"मुळीच नाही. अगदी चुकीचं वाक्य आहे. पण ऐकून घ्यायला माझी हरकत नाही."

सचिव वाईट माणूस नव्हते. त्यांनी एनओसीचा कागद पुढं ओढला. "हे बघा, मला तुम्हाला अडवायचं नाही. बोलणाऱ्याचं नाव द्या, मी त्याला समज देतो, आणि यावर आत्ता सही करतो. ढाक्याला जाऊन या. नाव देणार नसाल तर ते वाक्य तुमचं धरावं लागेल. मग अशा माणसाला संस्था कुठल्या तोंडानं पाठवणार?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. मग सचिव माझ्याकडे वळले. "तुमचं टेबल यांच्या शेजारी आहे. तुम्हाला काही माहिती?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त आपल्यापुढचा पेला उचलला आणि टेबलावरून सरकवत माझ्यापुढं ठेवला. सचिवांना वाटलं असेल, शिष्टाचार. मला कळलं होतं. मी त्या पेल्याला हात लावला नाही.

मी म्हणालो, "मी त्या बैठकांना जात नाही, साहेब."

एक शुक्रवार सोडला तर हे खरं होतं.

सर म्हणाले, "खुर्ची माझी आहे. वाक्य माझ्या नावावर टाका." सचिवांनी कागद परत फाईलमध्ये घातला.

ढाक्याचा परिसंवाद सरांशिवाय झाला. शुक्रवारच्या बैठका बंद झाल्या. पुढच्या वर्षी मुदतीआधीच सरांनी निवृत्ती घेतली, मी प्राचार्य झालो आणि स्टाफरूममधलं त्यांचं टेबल मी माझ्याच शिक्क्याच्या पत्रानं ग्रंथालयात हलवलं. ते शहर सोडून गेले असंही काही लोक सांगतात. ते खोटं आहे. ते तिथंच होते, निजामपुऱ्यात, शेडच्या वर. मीच ती गल्ली सोडली. बाजारात जायचं तर वळसा घालून जायचो. सरांनी मला कधी दोष दिला नाही, निरोप पाठवला नाही, आणि म्हणूनच त्यांचं नाव निघालं की मला छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं. सचिवांच्या पाया पडणं त्यापेक्षा सोपं होतं. माझंच वाक्य मी असं वर्षानुवर्षं खरं करून दाखवत होतो.

मग एकदा मुलाच्या कुरिअरच्या कामासाठी पूर्ण्याला गेलो होतो. तिथं आता शेतं कमी आणि गोदामं जास्त. एका गोदामाच्या दारात एक धिप्पाड माणूस ट्रकवाल्यांना ओरडत होता. त्यानं मला पाहिलं आणि येऊन वाकून नमस्कार केला. दिघाशीचा तो मुलगा. त्याच्याकडे पाच-सहा गाड्या होत्या आता. चहा मागवला, कॉलेजच्या गोष्टी निघाल्या, रावणाची गोष्ट त्यानं स्वतःच पुन्हा सांगितली.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "सर, त वाक्य तुमीच बोल्लेले ना?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आमी कोनाला न्हाय सांगला हां. माझ्या बायकोला सुदिक न्हाय. कोनीच न्हाय सांगला. खुर्चीचा नियम व्हता ना." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, उलट अभिमान होता. खोलीभर मुलं, गल्लीबोळांतली, गावांतली, एकमेकांशी इतर वेळी न बोलणारी. त्यांतल्या एकानंही इतक्या वर्षांत तोंड उघडलं नव्हतं. सरांचं म्हणून काही उभं राहिलं असेल तर ते हे. "शेजारीसर लय आजारी हायेत," तो म्हणाला. "मी जातो मधीमधी. तुमी गेलाव का न्हाय?"

मी तसाच निजामपुऱ्यात गेलो. चाचा शेडच्या दारात बसले होते, म्हातारे झालेले. मला ओळखून म्हणाले, "आओ प्रिन्सिपलसाब. रस्ता सापडला? बहोत दूर से आना पड़ा, नहीं?" आणि काठी टेकत माझ्यापुढं जिना चढले.

सर खाटेवर होते, अगदी वाळलेले. ट्रान्झिस्टर उशाशी. बसायला खोलीत एकच जागा होती. लोखंडी खुर्ची. ढाक्याला न्यायचा चाचांचा तो पांढरा तागा उलगडून तिच्यावर पांघरलेला होता.

"बसा," सर म्हणाले.

मी बसलो. आखूड पाय खटकन वाजला. मी बोलायला सुरुवात केली, "सर, ते वाक्य..."

"आधी पाणी." त्यांनी चाचांना खूण केली. "हे साहेब त्या दिवशी पाणी न पिताच उठले. तेव्हापासून तिकडंच आहेत."

चाचांनी पेला भरून दिला. मी तो सगळा प्यालो.  सर बघत होते. पेला रिकामा झाल्यावर म्हणाले, "या घरी. हां, आता बोला."

"ते वाक्य माझं होतं."

"ते मला माहीत आहे. मी तिथंच होतो." आणि ते हसले, चष्मा नसलेल्या डोळ्यांनी.

मी विचारलं, "अजून खोटंच वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही आलात ना?" ते म्हणाले. "मग खोटंच."

ते वाक्य निम्मं तरी खरं होतं, कारण मी यायला इतका उशीर लावला. तसं मला म्हणायचं होतं. पण त्यांनी ट्रान्झिस्टर कानाशी घेतला. सिल्हटला पाऊस होता. चाचा म्हणाले, "इधर भी आनेवाला है, सर," आणि सर म्हणाले, "इथलं कोण ऐकतं?"

त्यानंतर मी जात राहिलो, पण फार दिवस जाता आलं नाही.

आता स्मरणिकेच्या संपादकांना माझं सांगणं. सरांच्या फोटोखाली छापलेलं वाक्य सरांचं नाही. ते त्यांना चुकीचं वाटत होतं, आणि तरी बोलणाऱ्याचं नाव सांगायला लागू नये म्हणून त्यांनी आयुष्यात एकदाच उघडलेलं ढाक्याचं दार बंद होऊ दिलं. ते वाक्य माझं आहे. त्या खुर्चीत बसलेल्याचं नाव बाहेर घ्यायचं नाही, हा नियम मी मोडतो आहे असं कोणाला वाटेल. पण तो नियम दुसऱ्याचं नाव न घेण्याचा होता. स्वतःचं घेऊ नये, असं सर कधी म्हणाले नव्हते.

वाक्य छापायचंच असेल तर माझ्या फोटोखाली, माझ्या नावानं छापा. सरांच्या फोटोखाली दुसरं काही घालू नका. ती जागा मोकळी ठेवा. आजूबाजूला आम्ही सगळे आहोतच.